गोजाबाईची अर्धी ओवी

१

"ताई, गोजाबाईची ओवी गेली," एकनाथ गुरव फोनवर म्हणाला, आणि प्रेमलाबाई जेऊरकरांच्या गॅसवरच्या शेंगा करपल्या.

कुठली ओवी, हे विचारायची गरज नव्हती. सोलापूर जिल्ह्यात गोजाबाईची ओवी म्हटलं की एकच. केमजवळच्या माळावर एका धनगर बाईनं वाटेत वारलेल्या येडू या लेकरासाठी म्हटलेली, लोकनाद रेडिओनं टेप केलेली, परदेशात बक्षीस मिळवून आलेली. आता लोक ती मोबाइलच्या रिंगला लावतात आणि हॉटेलवाले जेवणाच्या ताटाबरोबर ऐकवतात. तिची मूळ टेप लोकनादच्या सोलापूर केंद्रात होती. आज संध्याकाळी ती भरल्या सभागृहात, जुन्या यंत्रावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाजायची होती.

"गेली म्हणजे? चोरीला?"

"चोरीला गेली असती तर परत तरी मिळाली असती. पुसलीय कुणीतरी. तुम्ही या आधी. इथं मल्हारला पोलिसांत द्यायला निघालेत."

प्रेमलाबाईंनी गॅस बंद केला, साडी बदलली आणि जुळे सोलापूरच्या कोपऱ्यावरची पहिली रिक्षा पकडली. निवेदिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. तरी केंद्रात काही बिनसलं की बाईंना बोलवायचं ही तिथली जुनी खोड. कुणी संगीतकाराच्या पेटीचे सूर बिघडवले, कुणी बातमी आधीच बाहेर फोडली, सगळ्यांची उत्तरं बाईंनी काढली होती. त्यात जादू काही नव्हती. आयुष्यभर लोकांचं बोलणं ऐकल्यामुळे माणूस कुठं वाक्य गिळतो, हे त्यांच्या कानाला चटकन कळायचं.

आजचा घाट हृषीकेश निंबर्गीकरांच्या सत्कारासाठी होता. हा हृषीकेश पोरसवदा कार्यक्रम अधिकारी म्हणून सोलापुरात आला, तेव्हा माईकपासून किती अंतरावर बसायचं हे त्याला प्रेमलाबाईंनीच शिकवलं होतं. मग त्यानं गोजाबाईची ओवी आणली आणि तिच्यावर बसून जो उडाला, तो थेट मुंबईत, तिथून दिल्लीत. एका खुर्चीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, शेवटी महासंचालक. मातीचा आवाज देशाला ऐकवणारा माणूस असं त्याच्याबद्दल छापून यायचं. त्याच माणसाच्या सहीनं सोलापूरच्या संध्याकाळच्या प्रसारण-सभा बंद झाल्या, तिथं दिल्लीचे कार्यक्रम ऐकू येऊ लागले आणि माती केंद्राबाहेरच्या कुंड्यांपुरती उरली. हे मात्र कुठं छापून आलं नाही. महिन्याभरापूर्वी तो निवृत्त झाला, आणि ज्या केंद्राचं त्यानं मातेरं केलं तेच आज त्याला शाल घालणार होतं.

केंद्रप्रमुख देवयानी उपासे दारातच उभी होती. हातात नवी पेठेतून आणलेल्या शालीची पिशवी तशीच होती.

"मॅडम, बरं झालं आलात. मी पोलिसांना दुपारनंतर या म्हटलंय. नाव स्पष्टच आहे. मल्हार लवटे. गोजाबाईचा नातू. गेल्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होता, ही ओवी वाजवू देणार नाही. आणि काल दुपारी टेप लायब्ररीची किल्ली त्याच्याकडेच होती. आता तुम्हीच सांगा, दुसरं कोण असणार?"

२

रेकॉर्डिंग रूममध्ये एकनाथ त्या जुन्या यंत्राजवळ सुतकी चेहऱ्यानं बसला होता. तोही निवृत्तच. भरल्या सभागृहात हे यंत्र चालवायची जोखीम घेणारं माणूस आता केंद्रात उरलं नव्हतं, म्हणून त्याला आजच्यापुरतं बोलावलं होतं.

त्यानं डबीतून टेप काढली, यंत्रावर चढवली, आणि वाजवायच्या आधी ती सगळी भर्रकन उलटी गुंडाळून घेतली.

"हे कशाला?" प्रेमलाबाईंनी विचारलं. "माझ्या वेळी डबीतून काढली की सरळ वाजवायची."

"तुमच्या वेळी सुरुवातीचं टोक बाहेर असायचं. नंतर दिल्लीहून परिपत्रक आलं, टेपा शेवटाचं टोक बाहेर ठेवून गुंडाळा म्हणजे जास्त टिकतात. आमच्या साहेबांच्याच सहीचं होतं ते. अख्खी लायब्ररी मी आणि दोघांनी बसून उलटी केली. तुम्ही तेव्हा कॉम्प्युटरवर निवेदन करत होता. आता डबीतून निघालेली टेप आधी अशी उलटी फिरवून सुरुवातीला आणावी लागते. इथं हे सगळ्यांना पाठ आहे."

टेप मधोमध आणून त्यानं ती सोडली. खोलीत गोजाबाई उभी राहिली.

*मेंढरं गेली म्होरं, माझं पाऊल निगंना,*
*येडू निजला माळाला, त्येला सोडून जाववंना…*

प्रेमलाबाईंनी डोळे मिटले. पुढची ओळ अर्ध्यावर आली, आणि खट् आवाज होऊन सगळं संपलं. उरली ती नुसती कोरड्या टेपची खरखर.

"इथून थेट शेवटापर्यंत असंच," एकनाथ म्हणाला. "निम्मी ओवी पुसलीय. नेमका शेवटचा भाग, लोक ज्याच्यासाठी रडतात तो."

"आणि ओवीच्या आधी काय आहे टेपवर?"

"गप्पा. साहेब एकटेच गेले होते छोटं यंत्र घेऊन. आधी बाईशी बोलत बसले, मग ती गायली. त्या गप्पा शाबूत आहेत."

"तू ऐकल्यास?"

"गप्पा काय ऐकायच्या, ताई? तेव्हा साहेबांनी सांगितलं होतं, अमुक ठिकाणापासून नक्कल कर. तिथून केली. तीच नक्कल प्रसारित झाली, तिलाच बक्षीस मिळालं. माझं नाव कुठं आलं नाही ते सोडा."

शेवटचं वाक्य त्यानं हसत म्हटलं, पण त्यातला विंचू प्रेमलाबाईंना दिसला. इतकी वर्षं जपून ठेवलेला होता. बक्षिसाच्या फोटोत एकनाथ नव्हता. टेप पुसायला त्याच्याकडे राग होता, हात होता आणि वेळही होता.

"तू पुसली नाहीस ना रे?"

एकनाथ यंत्राच्या झाकणावरची धूळ पुसत राहिला. "मनात आलं असतं तर पस्तीस वर्षांत कधीही पुसली असती. साहेबांच्या निवृत्तीची वाट कशाला बघितली असती?"

मल्हार मागच्या बाजूला कडुलिंबाखाली बसला होता. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात महिन्यातून काही दिवस निवेदन करायचा. माईकवर त्याची भाषा धुतल्यासारखी असायची. आज ती बाजूला ठेवली होती.

"पुसावी वाटलं व्हतं, ताई. लई येळा वाटलं. पन पुसली न्हाय."

"का वाटलं होतं?"

"आज्जी त्या दिसापास्नं परत गायली न्हाय. केम स्टेशनाभाईर चहाच्या टपरीवं रेडू लावला व्हता, मानसं जमली व्हती, आन आतनं तिचाच आवाज. तिनं घोंगडं डोक्यावं घेतलं आन तशीच घरला गेली. वाड्यावस्तीवं बोलाय लागले, पोराचं मरान इकलं म्हनून. एक आणाबी मिळाला न्हवता. तिला इचारलं, तू का म्हनलीस मग, तर काय बोलायचीच न्हाय. मरूस्तवर बोलली न्हाय."

"आता पोलीस येणार आहेत."

"येऊ द्या." मग त्याचा आवाज खाली आला. "शिक्षक भरतीत नाव लागलंय माझं. पोलिसांकडनं चारित्र्याचा दाखला तेवढा यायचा हाय. गुन्हा नोंदला की झालं. घरी बायकोला अजून सांगितलं न्हाय ह्यातलं."

प्रेमलाबाईंना त्याच्या बोलण्यात कुठं गिळलेलं वाक्य सापडलं नाही. सापडली ती भीती, आणि ती खरी होती.

"काल दुपारी तू कुठं होतास?"

"रेकॉर्डिंग रूमच्या शेजारच्या खोलीत, माझा कार्यक्रम जोडत व्हतो. मधी साहेब आले. त्यांनी माज्याकडनं किल्ली घेऊन टेप काढली आन सगळ्यांना भाईर जायाला सांगितलं, जरा एकटा बसतो म्हनले. काचंतनं त्यांची पाठ दिसत व्हती."

"मग तू उठून गेलास?"

"न्हाय. काम करत बसलो की. का?"

प्रेमलाबाईंनी तेवढं मनात टिपून ठेवलं. गोजाबाईची ओवी लागली की हा पोरगा हातातला चहा टाकून निघून जातो, हे केंद्रातल्या शिपायालाही माहीत होतं. आणि त्या दोन खोल्यांमधली भिंत असून नसल्यासारखीच होती.

"ताई," मल्हार म्हणाला, "मी पुसली आसती तर निम्मी कशाला ठिवली आसती?"

३

देवयानीच्या मते साहेबांबद्दल असलं काही मनात आणणं हे पाप होतं.

"मॅडम, त्यांची सगळी कीर्ती त्या टेपवर. तीच पुसून ते आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतील? उलट काल इतके हळवे झाले होते! मी चहा घेऊन गेले तर ते म्हणाले, देवयानी, नंतर. मी दार लोटून घेतलं."

"तू ऐकलंस आतून काही?"

"नाही. मी तिथं कान लावून कशाला उभी राहू?"

"आणि तुझं काय गेलं यात?"

देवयानीचा चेहरा उतरला. "माझंच सगळ्यात जास्त गेलंय. दोन वर्षं मी या टेपा कॉम्प्युटरवर चढवतेय, हातांनी. रोज टेप काढा, उलटी फिरवा, वाजवा. हा शेवटचा कप्पा राहिला होता. पुढच्या आठवड्यात तो जसाच्या तसा, एक शब्द न कापता लोकांसाठी खुला होणार होता. काल साहेबांना अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, वा. आता काय, अर्धी ओवी टाकू? वरून विचारतील, तुमच्या ताब्यातली टेप पुसलीच कशी? कुणाचं तरी नाव द्यायलाच हवं मला."

यात मल्हारचं नाव का, हे आता न सांगताच कळत होतं. कॅज्युअल, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला संघटना नसते, आणि त्याच्यासाठी दिल्लीहून कुणाचा फोन येत नाही.

हृषीकेश सरकारी विश्रामगृहात उतरला होता. पांढरे केस, सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि अजून तोच मऊ आवाज. प्रेमलाबाई दिसताच वाकून पाया पडला.

"ताई, तुम्ही आहात म्हणून आलो. आज आई हवी होती हो. एकुलत्या एका पोराचं कौतुक बघायला फार आसुसलेली असायची."

"काल टेप ऐकलीस म्हणे."

"सगळी. मोठ्यानं लावून. शेवटच्या ओळीला रडलो, लाज नाही वाटली." त्यानं चष्मा काढून पुसला. "आणि आज सकाळी ही बातमी. त्या मुलाला मी दोष देत नाही, ताई. आजीवर माया असते माणसाची. पण संस्थेला शिस्त लागते. गुन्हा नोंदवावाच लागेल."

"त्याची नोकरी जाईल."

"मला वाईट वाटतंय ना." मग तो जरा पुढं झुकला. "एक विनंती आहे. ती उरलेली टेप आता कुणाच्या उपयोगाची नाही. अर्धी ओवी ठेवणं म्हणजे त्या माउलीचा अपमान. देवयानीला सांगून ती पूर्ण पुसून टाकायला लावा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल ती."

बाईंनी मान हलवली आणि उठल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी ती विनंती मनात पुन्हा म्हणून बघितली. आयुष्यभर मातीचा आवाज जपा म्हणून भाषणं देणारा माणूस, उरलेला आवाज पुसा म्हणत होता. का? त्या टेपवर ओवी सोडून दुसरं होतं तरी काय?

गप्पा. कुणीच न ऐकलेल्या.

"केंद्रात चला परत," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "आणि जरा हाणा की ओ गाडी."

४

दुपार कलायच्या आत सगळे रेकॉर्डिंग रूममध्ये जमले. साहेबांना देवयानीनं फोन करून बोलावलं होतं, ध्वनीची शेवटची तपासणी आहे असं सांगून. मल्हार दाराशी उभा होता.

"आपण सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला," प्रेमलाबाई म्हणाल्या. "ओवी कुणी पुसली? प्रश्नच चुकला. ओवी पुसायला कुणी आलंच नव्हतं."

"पण पुसलीय, मॅडम," देवयानी म्हणाली.

"पुसली गेलीय. पुसायचं होतं दुसरंच. ओवीवर ज्याचा राग असेल तो निम्मी ठेवेल का? ओळ अर्ध्यावर तुटलीय. कारण पुसणाऱ्याला ओवी कुठं संपते, कुठं सुरू होते, याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यानं घड्याळ लावून ठरावीक वेळ पुसली. एकनाथ, पुसलेला भाग किती भरतो? आणि सुरुवातीच्या गप्पा किती भरतात?"

एकनाथनं दोन्ही मोजून बघितले होते. तो म्हणाला, "सारखेच."

"पुसायच्या होत्या गप्पा. टेपच्या सुरुवातीच्या. त्या माणसानं टेप डबीतून काढली, यंत्रावर चढवली आणि सरळ पुसायला लावली, जुन्या काळी लावायचे तशी. पण टेप शेवटाकडून गुंडाळलेली होती. गप्पांऐवजी ओवीचं शेपूट त्याच्या हाती लागलं. आणि त्याला ते कळलं नाही, कारण शेजारच्या खोलीत मल्हार बसला होता म्हणून त्यानं आवाज पूर्ण बंद ठेवला होता. आता ही चूक कोण करेल? मल्हारला या यंत्रावर टेप चढवताच येत नाही. देवयानी दोन वर्षं रोज टेपा उलट्या फिरवतेय, ती झोपेतही चुकणार नाही. एकनाथनं तर अख्खी लायब्ररी स्वतः गुंडाळली. ही चूक अशाच माणसाची, ज्याला यंत्र येतं, पण बदललेली पद्धत माहीत नाही. जो या खोलीतून फार पूर्वी गेला."

एकनाथची नजर हृषीकेशकडे वळली.

"आणि पद्धत बदलणाऱ्या परिपत्रकावर सही त्याचीच आहे," बाई म्हणाल्या. "वाचलं नव्हतंस ना रे, हृषीकेश?"

हृषीकेशनं हसायचा प्रयत्न केला. "ताई, हे तर्क झाले. मी काल ओवी ऐकली."

"मोठ्यानं लावून ऐकलीस, असं मला म्हणालास. या भिंतीपलीकडं गोजाबाई गात असती तर मल्हार खुर्चीत बसून राहिला असता? आणि पुरावा तू स्वतःच ठेवलायस. जे पुसायला आलास, ते जसंच्या तसं आहे. लाव, एकनाथ."

"नको," हृषीकेश म्हणाला. एकनाथनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

आधी मेंढरांच्या घंटा आल्या, मग वारा. मग पंचविशीतला हृषीकेश.

"म्हणा की, मावशी. एकदाच."

"न्हाय बाबा. ही माज्या येडूची हाय. बिरोबापुढं बोललीया मी, दुसरीकडं कुटं म्हननार न्हाय."

"रेडिओला नकोच आहे. मला ऐकायची आहे. माझाही धाकटा भाऊ असाच गेला, मावशी."

बराच वेळ नुसत्या घंटा.

"केवडा व्हता?"

"सात वर्षांचा."

"आगं माज्या बया." परत घंटा. "नाव काय त्येचं?"

तरुण हृषीकेश किंचित अडखळला. "माधव."

"माधव." तिनं ते नाव स्वतःशी म्हणून बघितलं. "बरं. तुज्यापुरती म्हनते. पन ते चाक थांबव आदी."

खट्.

"थांबवलं, मावशी."

"फिरतंय की आजून."

"ते फिरत राहतं थोडा वेळ. आवाज घेत नाही आता. म्हणा तुम्ही."

आणि गोजाबाईनं ओवी सुरू केली. एकनाथनं घाईघाईनं यंत्र बंद केलं.

प्रेमलाबाई हृषीकेशकडे वळल्या. "तू एकुलता एक ना रे?" त्या म्हणाल्या. "कुठला माधव?"

मल्हार भिंतीला टेकून खाली बसला होता. आज्जी का म्हणाली, ते त्याला आत्ता कळलं होतं. दुसऱ्याच्या मेलेल्या भावासाठी म्हणाली होती. आणि तो भाऊ जन्मालाच आलेला नव्हता.

हृषीकेशनं खुर्ची ओढली आणि बसला. चेहऱ्यावरचा मऊपणा गेला, आणि त्याखाली बरीच वर्षं तयार ठेवलेलं उत्तर होतं. "मी पंचवीस वर्षांचा होतो. आणि एक सांगा, ती टेप केली नसती तर काय झालं असतं? ओवी तिच्याबरोबर मातीत गेली असती. लाखो लोक रडलेत त्या ओवीवर. माझं खोटं मोठं की तिचं गाणं मोठं?"

"मग जाऊ द्यायची व्हती मातीत," मल्हार म्हणाला. "तिची व्हती ती."

देवयानीकडे तोडगा तयार होता. खालच्या मानेनं तिनं तो मांडला: पोलिसांना येऊ नका म्हणून कळवू, तांत्रिक बिघाड म्हणू, मल्हारचं नाव कुठं येणार नाही. साहेबांचंही नाही. संस्थेची अब्रू राहील.

"मी शिफारसपत्रही देईन त्याला," हृषीकेश म्हणाला. "चांगलं देईन."

"तुमचं पत्र ऱ्हाऊ द्या." मल्हार उठला. "एवडंच करा. आज ती वाजवू नका. कॉम्प्युटरातलीबी न्हाय."

देवयानीनं मान डोलावली. तिनं सगळ्यांसमोरच पोलिसांना फोन केला, आणि मल्हारच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं प्रेमलाबाईंना स्पष्ट दिसलं. तरी त्यांचं समाधान होईना.

"मी गप्प बसणार नाही," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी प्रास्ताविक माझं आहे, पत्रिकेत छापलेलं आहे. मल्हार, तुझी परवानगी असेल तर."

मल्हारनं यंत्रावरच्या टेपकडं एकदा बघितलं. "तिचा आवाज लावू नका. तुमच्या तोंडानं सांगा."

५

सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत पुढारी, मागं शिक्षक, प्राध्यापक, जुने श्रोते, त्यांची मुलं-नातवंडं. व्यासपीठावर हृषीकेश, खांद्यावर शाल. प्रास्ताविकाला प्रेमलाबाई उठल्या तेव्हा तो त्यांच्याकडं न बघता हारातल्या पाकळ्या चुरत बसला होता.

बाईंनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, विशेषणं वापरली नाहीत. जशा बातम्या वाचायच्या तसं. बाईनं नको म्हटलं होतं. खोटा भाऊ मारून तिला गायला लावलं. चाक थांबव म्हणाली, थांबवलं म्हणून सांगितलं, आणि चाक फिरतच राहिलं. ती परत कधी गायली नाही. काल ती टेप पुसायला जो आला, तो या व्यासपीठावर बसलाय.

प्रेमलाबाईंना वाटलं, झालं, आता कुणीतरी उठेल. कुणीतरी विचारेल. निदान कुणीतरी निघून जाईल.

पाचव्या-सहाव्या रांगेतली एक वयस्क बाई उठली. तिनं पदर डोळ्यांना लावला होता.

"ताई," ती भरल्या गळ्यानं म्हणाली, "काय सोसलं हो त्या माउलीनं. ऐकवा की. ऐकू द्या तिचा आवाज."

"हां, वाजवा!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळी पडली. मग दुसरी, मग सगळं सभागृह. कुणी हृषीकेशच्या नावानंही टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणत होते, "बघा, केवढ्या युक्तीनं मिळवली म्हणून तर आज आपल्याला ऐकायला मिळतेय!" हृषीकेशनं पाकळ्या टाकल्या आणि हळूच हात जोडले. या लोकांना तो बाईंपेक्षा जास्त ओळखत होता. सगळी कारकीर्द त्यानं त्याच ओळखीवर केली होती.

"नका लावू," प्रेमलाबाई माईकवर म्हणाल्या. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. विंगेतून देवयानीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा टाळ्या वाजवणाऱ्या पुढाऱ्यांकडं, आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला खूण केली.

कॉम्प्युटरवर होती ती तेव्हा प्रसारित झालेली नक्कल; तिच्या सुरुवातीला निवेदन होतं, आणि ते प्रेमलाबाईंचंच होतं. तरणा, गोड, कसलीही शंका नसलेला आवाज सभागृहात घुमला: श्रोतेहो, आता ऐकू या एका आईनं आपल्याला मोकळ्या मनानं दिलेली ओवी. व्यासपीठावर उभ्या म्हाताऱ्या प्रेमलाबाईंना तो थांबवता येईना. मग गोजाबाई सुरू झाली. अख्खी, शेवटापर्यंत. माणसं रडायला लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बाईंचेही डोळे भरून आले.

मल्हार मधल्या रांगेतून उठला. अंधारात लोकांचे पाय चुकवत दाराकडं निघाला. कुणीतरी शू केलं, कुणी चिडून मागं बघितलं. कडेला बसलेल्या एका माणसानं त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं.

"मधीच काय उठता, बसा की ओ," तो माणूस डोळे पुसत म्हणाला. "बाई जीव तोडून गातीय, जरा तरी मान ठेवा तिचा."